पुन्हा पाऊल टाकताना

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या संमेलनात विद्यार्थ्यांचा गुणगौरव आहे, तेव्हा निवृत्त शिक्षकाने शिक्षणावर चार शब्द बोलावेत अशी आपली अपेक्षा असणार. परंतु कार्यवाहांनी विषयाची निवड मजवर सोपविली, आणि मी मुद्दाम निराळा विषय निवडला आहे. पायाची शस्त्रक्रिया झाल्यानंतरच्या महिन्यांत माणसाने पुन्हा चालावयास कसे शिकावे, हा तो विषय होय. आपल्या ज्ञातीत अशी घरे आता थोडी राहिलेली नाहीत. कोणाचा घोटा मोडतो, कोणाची टाच, कोणाच्या पावलातील लहान हाड. शस्त्रक्रिया तास-दोन तासांत आटोपते. तिची चर्चा घरोघर होते, तिच्यासाठी पैसा उभा राहतो, देवास नवस बोलले जातात. मात्र तिच्यानंतर जे सहा महिने येतात, त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही. आणि माणूस पुढे आयुष्यभर चालणार की खाटेवर बसून राहणार, याचा निकाल पुष्कळदा याच सहा महिन्यांत लागतो.

मी वैद्यक शिकलेलो नाही. मॅट्रिक होऊन शिक्षकी पत्करली आणि तीत आयुष्य गेले. माझा अधिकार एवढाच की, माझ्या उजव्या घोट्यात आज एक धातूची पट्टी व सात स्क्रू आहेत आणि तरीही मी या व्यासपीठाच्या पायऱ्या स्वतः चढून आलो. शस्त्रक्रियेनंतर वाचले, विचारले, अनुभवले ते सांगतो. प्रत्येकाचा पाय निराळा, प्रत्येकाची इजा निराळी. म्हणून ज्याच्या त्याच्या शल्यविशारदाचा शब्द हाच अखेरचा, हे प्रारंभीच सांगून ठेवतो.

प्रथम पावलाची थोडी ओळख करून घेऊ. मनुष्याच्या शरीरात २०६ हाडे, त्यांपैकी एकेका पावलात २६. म्हणजे दोन पावलांत ५२, एकूण हाडांचा चौथा हिस्सा. एका पावलात ३३ सांधे असतात. ही हाडे कमानीसारखी रचलेली आहेत. दगडी पुलाची कमान ज्याप्रमाणे भार दोन्ही बाजूंस वाटून देते, त्याप्रमाणे पावलाची कमान शरीराचा भार टाच आणि चवडा यांवर वाटून देते. पुलाची कमान ताठ असते, पावलाची मात्र लवचिक. पाऊल टेकताना ती किंचित पसरते, उचलताना पुन्हा आवळते. अशा नाजूक यंत्रात एक हाड मोडले किंवा एक स्नायुबंध तुटला, तरी साऱ्या यंत्राची लय बिघडते. हाड जोडणे हे शल्यविशारदाचे काम, ही लय परत मिळविणे हे रोग्याचे काम. ते दुसरा कोणी करून देऊ शकत नाही.

आता एक जुना वाद सांगतो. मोडलेल्या अवयवास विश्रांती द्यावी की हालचाल, असा तो वाद. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूल येथे ह्यू ओवेन थॉमस नावाचे अस्थितज्ज्ञ होते. अवयव पूर्ण व दीर्घकाळ स्थिर ठेवला पाहिजे, असा त्यांचा आग्रह. त्याच काळी पॅरिसमध्ये ल्युका-शांपियोनिएर हे शल्यविशारद नेमके उलट सांगत होते : हळुवार मर्दन करा, लवकर हालचाल सुरू करा, नाहीतर हाड जुळेल पण सांधा जाईल. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, आणि अडचण हीच होती की दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नव्हत्या. प्लॅस्टरमध्ये हाड स्थिर राही, पण सांधा आखडे. सांधा मोकळा ठेवावा तर हाड हले. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमधील काही शल्यविशारदांनी एक अभ्यासमंडळ स्थापन केले आणि पट्टी व स्क्रू यांनी हाड आतूनच घट्ट बसवून सांधा लवकर हलता करण्याची पद्धत शास्त्रशुद्ध पायावर उभी केली. आज आपल्या तालुक्याच्या गावीही जी शस्त्रक्रिया होते, तिच्यामागे हा विचार आहे. धातूची पट्टी हाडास विश्रांती देते आणि सांध्यास हालचालीची मोकळीक देते. मात्र ती मोकळीक कधी व किती घ्यावयाची, हे ठरलेले असते.

खाटेवर पडून राहणे हे औषध नव्हे, हेही वैद्यकाने फार उशिरा ओळखले. १९४७ मध्ये रिचर्ड ॲशर या इंग्रज वैद्यकतज्ज्ञाने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अंथरुणाच्या धोक्यांवरच एक लेख लिहिला. पडून राहिल्याने रक्त गोठते, फुप्फुसे सुस्तावतात, स्नायू झिजतात, हाडे ठिसूळ होतात, पोट बिघडते आणि मन खचते, असा त्याचा आशय. आपल्या घरांत मात्र अजूनही प्रेमाची कसोटी हीच मानतात की रोग्यास पाणीसुद्धा हातात आणून द्यावे. हे प्रेम खरे, पण ते माणसास पांगळे करू शकते.

याच्या उलट दुसरे टोकही आहे. आपल्याकडे म्हण आहे, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. वेदना थांबली म्हणजे हाड जुळले, असे समजून तिसऱ्याच आठवड्यात दुकानाच्या गल्ल्यावर जाऊन उभे राहणारेही आपल्यात आहेत. वेदना आणि हाडाची मजबुती यांचे घड्याळ एक नाही. जखमेची वेदना आधी थांबते, हाड आपल्या गतीने जुळते. ते घाईने जुळत नाही आणि काळजी केल्यानेही जुळत नाही.

आता टप्पे पाहू. पहिले दोन आठवडे जखमेचे. टाके साधारणपणे दहा ते चौदा दिवसांनी निघतात. या काळात पाय हृदयाच्या पातळीहून वर ठेवणे हे मुख्य काम. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवला म्हणजे झाले असे पुष्कळांस वाटते, पण तेवढ्याने पाय हृदयाच्या वर जात नाही. आडवे पडावे आणि पोटरीखाली दोन-तीन उशा घ्याव्यात. सूज ही पाण्यासारखी उताराकडे वाहते, हे शाळेतले शास्त्र येथे उपयोगी पडते. बोटे हलविण्याची परवानगी असेल तर ती तासातासाला हलवावीत. टाक्यांवर हळद, तेल, कसलाही लेप लावू नये. स्नान खुर्चीवर बसून, पायावर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधून करावे.

त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांपर्यंतचा काळ पुष्कळ शस्त्रक्रियांत पायावर भार न देण्याचा असतो. कोणास डॉक्टर लवकर भार देऊ देतात, कोणास अधिक थांबवितात. हा काळ आपल्या घरांच्या रचनेमुळे फार कठीण जातो. आपण जमिनीवर जेवतो, जमिनीवर पूजा करतो, कित्येक घरांत शौचालय उकिडवे बसण्याचे. एका पायावर उकिडवे बसणे म्हणजे दुसरा अपघात ओढवून घेणे होय. कमोडची खुर्ची मिळते, ती त्या शौचपात्रावर बसविता येते. मोरीत पकडावयास भिंतीला एक दांडी ठोकून घ्यावी. मधल्या वाटेवरील पायपुसणी, सतरंज्या, विजेच्या तारा काढाव्यात. देवाची पूजा खुर्चीवर बसून केली तर देव रुसत नाही.

तिसरा टप्पा भार देण्याचा. डॉक्टर सांगतात, 'आता पाव भार द्या, मग अर्धा द्या.' आपण घरी येतो आणि पाव भार म्हणजे किती, ते कळत नाही. मला फिजिओथेरपिस्टने जी युक्ती शिकविली ती सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वजनाचा साधा काटा घ्यावा. वॉकर धरून उभे राहावे, चांगला पाय काट्याइतक्याच उंचीच्या फळीवर आणि दुखरा पाय काट्यावर. मग हळूहळू दाबावे. माझे वजन ६० किलो. म्हणून पाव भार १५, अर्धा ३०, पाऊण ४५. काट्याचा आकडा १५ वर येईल इतका दाब द्यावयाचा आणि तो दाब कसा वाटतो हे पायाने पाठ करावयाचे. मुलांना पाढे पाठ करविले, त्यापेक्षा हे कठीण नव्हते, पण रोज करावे लागले. आकडा समोर दिसतो, म्हणून भीतीही कमी होते आणि उतावळेपणाही आवरतो.

कुबडी, काठी यांचेही शास्त्र आहे. कुबडीचा वरचा भाग बगलेखाली दोन-तीन बोटे मोकळा राहिला पाहिजे. भार हातांनी पेलावयाचा, बगलेने नव्हे. बगलेतून हाताच्या शिरा जातात आणि त्या दबल्या तर हात बधिर होतो. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूस धरावी असे सर्वांस स्वाभाविकपणे वाटते, परंतु ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरावयाची. चालताना आपला डावा हात उजव्या पायाबरोबर पुढे जातो. काठीही त्याच लयीने दुखऱ्या पायाबरोबर पुढे पडली पाहिजे. सरळ उभे राहून हात खाली सोडला असता काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी, ही तिची उंची. काठीच्या टोकाचे रबर झिजले की ताबडतोब बदलावे. थोड्या पैशांची वस्तू, पण ओल्या फरशीवर माणसाचे रक्षण तीच करते.

पायऱ्यांचा नियम मी वर्गातल्यासारखा पाठ करून घेतो : वर जाताना चांगला पाय आधी, खाली येताना दुखरा पाय आधी. वर जाताना शरीर उचलावयाचे असते, ते बळकट पायाचे काम. खाली येताना शरीर सावकाश सोडावयाचे असते, तेही वरच्या पायरीवर राहिलेल्या बळकट पायानेच. काठी नेहमी दुखऱ्या पायाची सोबतीण. कारण कळले की नियम विसरत नाही.

कुबडी सुटली म्हणजे सारे झाले असे नाही. पट्टी उघडल्यावर आपलीच पोटरी आपल्याला ओळखू येत नाही, इतकी ती बारीक झालेली असते. घोटा आखडलेला असतो. शिवाय आपले पाऊल जमिनीवर नेमके कसे टेकले आहे याची डोळे मिटूनही जी जाणीव असते, ती मंदावते. म्हणून व्यायाम तीन प्रकारचे : सांधा मोकळा करण्याचे, पोटरीस बळ देण्याचे आणि तोल सावरण्याचे. जमिनीवर रुमाल पसरून तो बोटांनी ओढणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे, हे व्यायाम डॉक्टरांच्या परवानगीने क्रमाने वाढवीत जावयाचे. लंगडण्याचीही सवय लागते. वेदना गेली तरी लंगडणे राहते आणि मग कंबर व दुसरा गुडघा तक्रार करू लागतात. म्हणून लांब लंगडत चालण्यापेक्षा थोडेच, पण टाच आधी व चवडा नंतर टेकून सरळ चालणे हिताचे. घरात अनवाणी वावरण्याची आपली रीत आहे. या काळापुरती घरासाठी मऊ व न घसरणारी स्वतंत्र पादत्राणे ठेवावीत. सूज संध्याकाळी येते, सकाळी ओसरते. असे सहा महिने, कोणाला वर्षभरही चालते. तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही.

पंढरीची वारी आपल्यापैकी पुष्कळांनी केली आहे. आळंदीपासून पंढरपुरापर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर. ते अंतर कोणी एका दिवसात चालत नाही. मुक्काम ठरलेले असतात आणि मुक्कामाला थांबणे हाही वारीचाच भाग असतो. आमच्या या वारीत पहिला मुक्काम खाटेपासून खिडकीपर्यंत, दुसरा स्वयंपाकघरापर्यंत, तिसरा अंगणापर्यंत. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोजची पावले लिहीत असे. पहिल्या दिवशी १२ लिहिली. चौथ्या महिन्यात देवळापर्यंत जाऊन आलो, त्या दिवशी मोजणे सोडून दिले.

आहाराविषयी थोडे. हाड जुळावयास प्रथिने, कॅल्शियम, ड आणि क जीवनसत्त्व लागते. हे सारे आपल्याच स्वयंपाकघरात आहे. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. डाळी, मोडाची मटकी, दूध, दही, खाणाऱ्यांसाठी अंडी व मासे. आवळा आणि पेरू. आणि सकाळी अंगावर थोडे ऊन. दुसरी गोष्ट अप्रिय आहे, पण बोलली पाहिजे. तंबाखू, विडी, सिगारेट आणि आपल्या वडीलधाऱ्या स्त्रियांची मिश्री, या सर्वांतील निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि हाड व जखम या दोहोंच्या भरून येण्यास विलंब लावते. मिश्री ही दाताची गोष्ट, तिचा पायाशी काय संबंध, असे म्हणू नये. मधुमेह असणाऱ्यांनी साखर ताब्यात ठेवावी आणि रोज आरसा धरून तळवा पाहावा. त्यांस जखम झालेली पुष्कळदा कळतच नाही.

काही लक्षणे अशी की त्यांत एक दिवसही दवडू नये. जखमेतून पू किंवा दुर्गंध येणे, ताप, बोटे निळसर वा थंड पडणे, वाढत जाणारी असह्य वेदना. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली तर तेथे रक्त गोठले असण्याचा संभव असतो. अशी पोटरी कोणाकडूनही चोळून घेऊ नये, तडक रुग्णालय गाठावे. छातीत दुखून एकाएकी धाप लागली तर ती प्राणावर बेतणारी गोष्ट समजावी.

आता मनाविषयी. चालता माणूस एकाएकी परावलंबी झाला की चिडचिडा होतो किंवा अबोल होतो. भेटीस येणारी मंडळी मोसंबी आणतात आणि त्याबरोबर एक भयकथा आणतात : अमक्याचा पाय असाच मोडला, तो पुन्हा उठला नाही! भेटीस जाणाऱ्यांनी मोसंबी अवश्य न्यावी, कथा घरी ठेवावी. सांगावयाचीच असेल तर लंडनच्या परसिव्हल पॉट यांची सांगावी. हे स्वतः शल्यविशारद. १७५६ मध्ये ते घोड्यावरून पडले आणि पायाचे हाड मोडून कातडीबाहेर आले. त्या काळी अशा पायावर एकच उपाय, तो कापून टाकणे. पॉट यांनी कोणालाही स्वतःस घाईने हलवू दिले नाही. पडल्या जागीच त्यांनी एक दार विकत घेतले, त्यास दांडे ठोकून घेतले आणि त्यावरून अलगद स्वतःस घरी नेवविले. पाय कापण्याची तयारी झाली असता त्यांचे गुरू एडवर्ड नर्स आले, त्यांनी पाय वाचविण्याचा प्रयत्न करावा असे सुचविले, आणि पाय वाचला. अंथरुणावरच्या त्या काळात पॉट यांनी लेखन हाती घेतले आणि पुढे अस्थिभंगावर ग्रंथ लिहिला. ना जंतुनाशक, ना क्ष-किरण, अशा काळात जे धीराने साधले, ते आज आपणास का साधू नये?

भगिनींनो, आता जे सांगतो ते विशेषतः तुमच्यासाठी आणि तुमच्या घरच्या पुरुषांसाठी. माझ्या पायाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा मला सक्तीची विश्रांती मिळाली, कारण मी घरातला पुरुष होतो आणि सेवेस पत्नी व सून होत्या. तीच शस्त्रक्रिया घरातील स्त्रीची झाली म्हणजे काय होते? आमच्या नात्यातील एका वडील बाईंनी पाचव्याच आठवड्यात ओट्याजवळ उभे राहून घरच्या कार्याचा स्वयंपाक केला. कोणी त्यांस तसे करावयास सांगितले नव्हते. पण करू नका, असेही कोणी म्हटले नाही. स्क्रू हलला, दुसरी शस्त्रक्रिया झाली आणि आज त्या काठीवाचून चालू शकत नाहीत. शस्त्रक्रियेचे पैसे आपण देतो. विश्रांतीचे सहा आठवडे मात्र स्त्रीला देत नाही, आणि मग 'तिचे नशीब' असे म्हणतो. हे नशीब नव्हे, हा आपल्या घरांचा हिशेब आहे व तो आपणच दुरुस्त करू शकतो. त्या आठवड्यांत घरातील पुरुषांनी व मुलांनी भाकरी थापावी. वेडीवाकडी झाली तरी पोटात गेल्यावर ती गोलच.

शेवटी मंडळापुढे दोन विनंत्या ठेवतो. आपल्या कार्यालयाच्या दाराशी सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या आहेत आणि कठडा नाही. त्यामुळे आज आपले किती वृद्ध ज्ञातिबंधू घरीच राहिले, याचा विचार व्हावा. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने सार्वजनिक इमारती सर्वांना वावरता येतील अशा असाव्यात असे सांगितले आहे. उतरंडीचे प्रमाण एकास बारा धरले तर १८ इंच उंचीस १८ फूट लांबीचा उतार लागेल. आपल्या पटांगणात तेवढी जागा आहे. मी स्वतः टेपने मोजली आहे. उतार होईपर्यंत निदान एक कठडा तरी बसवावा.

दुसरी विनंती. वॉकर, कुबड्या, कमोडची खुर्ची, चाकांची खुर्ची या वस्तू कुटुंबास तीन-चार महिने लागतात, आणि नंतर त्या माळ्यावर धूळ खात पडतात. त्याच वेळी दुसऱ्या घरी त्या विकत घ्यावयास पैसे नसतात. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे; पण प्रत्येकास मुंबई गाठणे शक्य नाही, आणि कुबडीसारखी साधी गोष्ट तर आपल्याच गावात मिळाली पाहिजे. मंडळाने अशा वस्तूंची एक पेढी सुरू करावी. एक कपाट, एक नोंदवही आणि परत आलेल्या वस्तूंची रबरे तपासून बदलणारा एक स्वयंसेवक, एवढ्यावर ती चालेल. नोंदवही सांभाळण्याचे काम मी आनंदाने पत्करतो. हजेरीपटाची सवय अजून सुटलेली नाही. माझा वॉकर, कुबड्यांची जोडी व कमोडची खुर्ची मी आज येताना बरोबर आणली आहे. ती कार्यालयात कार्यवाहांच्या टेबलाशेजारी ठेवली आहेत. नोंदवहीत पहिल्या तीन ओळी भरल्या आहेत. चौथी ओळ कोणी भरावयाची, हे आता सभागृहाने ठरवावे.